दुसरी लाइन

आत्याला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. या घरात आजवर जेवढे निर्णय झाले ते तिच्यासमोर झाले आणि तिच्या मते त्यातले निम्मे चुकले. नानांनी पंपिंग स्टेशनवरची नोकरी धरली तेव्हा ती होती, दादाने चष्म्यांचं दुकान टाकलं तेव्हा होती, आणि छोटीने विमानानेच जाता येईल इतक्या लांबची नोकरी घेतली तेव्हा तर ती दारात आडवी पडायचीच बाकी होती. आज नानांना यापुढे कुठे ठेवायचं ते ठरणार होतं. आपल्याला न विचारता ठरलं तर ते चुकणारच, याची तिला खात्री होती.

नाना तिचे थोरले भाऊ, दादा आणि छोटी त्यांची मुलं. ते आत, स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंतच्या बोळात चालत होते. चालत होते म्हणजे व्यायाम शिकवणारी बाई त्यांना चालवत होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन ते नुकतेच घरी आले होते, आणि आल्यापासून दादा रात्री इथे झोपत होता, त्याची बायको, छोटीची वहिनी, दिवसा दुकान आणि नाना असं दोन्ही ओढत होती. वॉकरचा ठक् असा आवाज, मग चपलांची फरफट, मग पुन्हा ठक्. बाहेर बसलेल्या सगळ्यांचे कान त्या आवाजाकडे होते आणि प्रत्येक जण ते तिकडे नसल्याचं दाखवत होता.

"हे असं कायम चालायचं नाही," दादा म्हणाला. "आमच्याकडची खालची खोली मी रिकामी करतो. लहान आहे, पण ऊन येतं. नाना तिथे राहतील. या घराचं काय करायचं ते नंतर बघू."

"नानांना हे घर सोडायचं नाहीये," छोटी म्हणाली.

"तुला तसं म्हणाले?"

"म्हणायला कशाला पाहिजे? आई इथे होती."

"त्याला विचारलंय का कुणी?" आत्याने विचारलं.

"विचारलं मी," वहिनी म्हणाली. "'बघा तुमचं तुम्ही' म्हणाले."

"मग झालं तर. याहून लांब वाक्य तो आयुष्यात कधी बोलला नाही."

हे अगदी खरं नव्हतं, पण फारसं खोटंही नव्हतं. नाना बोलत ते काहीतरी बिघडलं की. झडप अडकली, पट्टा तुटला, दाब उतरला, की त्यांना कंठ फुटे. सगळं सुरळीत असलं की ते गप्प. आत्याचं नेमकं उलटं. तिची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. कोण कुणाशी काय बोललं ते तिने जन्मात कुणाला सांगितलं नाही, आणि त्याची भरपाई म्हणून स्वतःच्या मनातलं काही कधी पोटात ठेवलं नाही.

छोटीने लॅपटॉप उघडून टेबलाच्या मधोमध सरकवला. चहाचे कप बाजूला झाले.

"माझं ऐकून घ्या आधी. मी सगळं आखून आणलंय."

ती कालच उतरली होती. प्रवासाचा शीण डोळ्यांखाली दिसत होता, पण पडदा उजळला तशी तिला तरतरी आली. कामाबद्दल बोलताना छोटी सुंदर दिसे, असं आई म्हणायची. बाकी वेळी ती कुठल्या तरी खोलीतून नुकतीच बाहेर पडल्यासारखी आणि परत तिकडे जायची घाई असल्यासारखी दिसे.

आई गेली त्या वर्षी छोटी महिनाभर इथे राहिली होती. त्या महिन्यात ती रडली नाही, तिने घरभर वायरी टाकल्या. दादाच्या दुकानातून निवृत्त झालेला एक कॉम्प्युटर तिने जिन्याखालच्या कपाटात बसवला, त्यावरचं जुनं सगळं पुसून लिनक्स चढवलं, आणि घर त्याच्या स्वाधीन केलं. आईचे फोटो त्याच्या पोटात गेले. दारावरचा कॅमेरा, नानांच्या गोळ्यांची घंटी, गॅस गळला तर वाजणारा भोंगा, बाहेरचा दिवा, सगळं त्याला जोडलं. आणि तो कॉम्प्युटर ती तिकडच्या आपल्या खोलीत बसून, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी लिहून चालवायची. नाना त्याला 'जिन्याखालची मोटर' म्हणत. त्यांनी एकच अट घातली होती. "दाराबाहेर किती डोळे लावायचे ते लाव. आत नको. मी बनियनवर असतो."

"आता आपण जमिनीलगत सेन्सर लावू," छोटी सांगत होती. "कॅमेरे नव्हेत, नुसती हालचाल कळते. हातात एक पट्टा. नाना पडले की पट्ट्याला कळतं, पट्टा मशीनला सांगतो, मशीन मला आणि दादाला एकाच वेळी फोन लावतं. रात्री कुणी झोपायला यायचीसुद्धा गरज नाही. दिवसा एक बाई ठेवू. मी तिकडून रोज लॉगिन करून सगळं बघते. घरावर माझं लक्ष असतंच."

"लक्ष असतं गं," आत्या म्हणाली. "पण हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं."

"आत्या, तुला यातलं काही माहीत नाही."

"नाही ना. म्हणून तर स्पष्ट दिसतं."

आपल्या बाजूने बोलणाऱ्या आत्याला दुजोरा द्यावा असं दादाच्या जिभेवर आलं होतं, पण तो मूग गिळून बसला. कारण त्याचं त्यालाच माहीत होतं. जिन्याखालची मोटर बसायच्या आधी तो रोज दुकान उघडण्यापूर्वी इकडे चक्कर टाकायचा. नाना पेपर वाचत असत, तो समोर बसे, दोघांत एखादं वाक्य होई आणि तो उठे. मग छोटीने त्याच्या फोनवर ते घराचं चित्र टाकून दिलं. चित्रात हिरवा ठिपका असला की घर ठीक. पहिल्या महिन्यात तो ठिपका बघूनही जायचा. नंतर दिवसाआड. मग नुसता ठिपका बघायला लागला. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा मुलगा बापाची खबर बहिणीच्या मशीनला विचारत होता, आणि ती तर सातासमुद्रापार होती.

"समज, ते मशीनच बंद पडलं?" त्याने एवढंच विचारलं.

छोटीला हाच प्रश्न हवा होता.

"पडत नाही. तेच सांगतेय. आठवतंय, पूर्वी इथली लाइन सारखी जायची? मी वेडी झाले होते. कंपनीची माणसं दोनदा येऊन गेली, वायर बदलली, राउटर बदलला, तरी आठवड्यातून एकदा तरी लाइन गायब. माझं तिकडचं मशीन दर थोड्या वेळाने या घराला हाक मारतं. उत्तर आलं नाही की माझा फोन बोंबलायला लागतो. की मी सगळं टाकून नानांना फोन लावायचा, कुठली वायर बघा, कुठला दिवा लागलाय सांगा. शेवटी मी ती मोबाइलची दुसरी लाइन पाठवली, दादाने कपाटाच्या वर बसवून दिली. पहिली गेली की दुसरी आपोआप सुरू. तेव्हापासून एकदा, एकदासुद्धा घर हाकेला चुकलेलं नाही." ती वहिनीकडे वळली, कारण वहिनी मघापासून गप्प होती. "नाना पडले ना, त्या दिवशीसुद्धा. त्या सकाळीही पहिली लाइन गेलेली होती, मला नंतर दिसलं. दुपारी परत आली. पण दुसरीने इतकं बेमालूम सांभाळलं, की मला पत्तासुद्धा लागला नाही."

वहिनीने हातातला कप बशीत ठेवला. तो नीट बसला नाही म्हणून तिने तो पुन्हा उचलून ठेवला.

त्या दिवशी ती डबा घेऊन आली होती. रोजच्यापेक्षा उशीर झाला होता, दुकानात एका बाईला तीच फ्रेम तीन रंगांत हवी होती. दार तिच्या किल्लीने उघडलं. हाक मारली, उत्तर नाही. नाना बोळाच्या टोकाला, जिन्याखालच्या कपाटाला पाठ लावून बसलेले होते, एक पाय बघवणार नाही अशा दिशेला वळलेला. स्वयंपाकघरात पडले होते ते. फोन ओट्यावर चार्जिंगला होता, तिथवर हात पोचत नव्हता, उठता येत नव्हतं. म्हणून ते उलट्या दिशेला, पोटावर सरकत कपाटापर्यंत गेले होते. त्यांच्या मुठीत वायरचं टोक होतं. कपाटात लाल दिवा लागलेला होता.

"फोन वाजला का गं?" त्यांनी तिला पहिलं हेच विचारलं होतं. "इतका वेळ लाल आहे. तिचा फोन कसा नाही आला?"

वहिनीला काही कळलं नव्हतं. रुग्णवाहिकेत, वेदनेचं इंजेक्शन चढल्यावर, नाना आपणहून बोलले. नाना आपणहून बोलत आहेत याचीच तिला जास्त भीती वाटली होती. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, छोटीला सांगू नकोस, ती स्वतःला खात बसेल. तिने दादालाही सांगितलं नव्हतं. त्याच्या पोटात काही राहत नाही, तो आत्यावर गेलाय.

"वहिनी? तुला पटतंय ना?" छोटी विचारत होती.

"मला वाटतं नानांनी आमच्याकडे यावं," वहिनी म्हणाली.

"का पण? कारण सांग ना."

"मला वाटतं."

"वाटतं म्हणजे काय? मी इथे एक एक गोष्ट पुराव्याने मांडतेय. तुम्ही दोघं आधीच ठरवून बसलायत." छोटीचा आवाज चढला. "मशीन त्या दिवशी चुकलं नाही. मशीनला पडलेलं माणूस ओळखता येत नव्हतं, आता येईल. मशीन सोडून जे काय होतं, ते चुकलं. डबा रोज किती वाजता येतो आणि त्या दिवशी किती वाजता आला? मी कुणाला दोष देत नाहीये."

"दोष देत नाही म्हणणाऱ्याने तो देऊन झालेला असतो," आत्या म्हणाली.

"आत्या, तू मध्ये पडू नकोस. वहिनी, तुम्ही सांगा, तुम्ही वेळेवर आला असतात तर?"

वहिनी या घरात आली तेव्हा छोटी शाळेत होती, तेव्हापासून ती तिला 'तू' म्हणत आली होती. आज पहिल्यांदा 'तुम्ही' ऐकून वहिनीने दादाकडे बघितलं. दादा फोनकडे बघत होता. नवरा आपल्या बाजूने बोलेल अशी तिला आशा नव्हती, पण तो निदान मान तरी वर करील असं वाटलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून ती या घरात खूप काही गिळत आली होती. आज तिला गिळवेना.

"छोटी, त्या सकाळी लाइन गेली नव्हती," ती म्हणाली. "नानांनी काढली होती."

"काढली म्हणजे?"

"पडल्यावर सरपटत गेले आणि वायर उपसली. मी आले तेव्हा त्यांच्या हातात होती. मीच परत लावली. म्हणून तुला दुपारी लाइन आलेली दिसली."

"पण वायर कशाला काढतील? त्यांना माहितीये की वायर काढली तर मला..."

छोटी थांबली. ती हुशार होती, तिला अर्धं वाक्य पुरे असे. आज ते पुरेसं झालं नसतं तर बरं झालं असतं.

"हो," वहिनी म्हणाली. "तुझा फोन यावा म्हणून, दरवेळी करायचीस तसा. ते उचलू शकले नसते, मग तू यांना फोन केला असतास, जाऊन बघ म्हणून. दरवेळी करायचीस तसा. त्यांचा हिशोब बरोबर होता."

आत वॉकर थांबला होता. बाई म्हणत होती, छान, आता जरा टेका.

"दरवेळी," छोटीने तोच शब्द उचलला. "म्हणजे त्याआधीही? ते आठवड्याला जायचं ते?"

"तेच काढायचे."

मग छोटीने असं काहीतरी विचारलं की आत्यालासुद्धा तिची दया आली. "पण फोन होता की त्यांच्याकडे. नुसता लावायचा ना मला."

"लावायचे की. 'नाना, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते.' तुझं नंतर कधी व्हायचं नाही, आणि दुसऱ्यांदा लावायचा त्यांना संकोच. मग एकदा खरंच लाइन गेली आणि तू मीटिंग सोडून फोन केलास. तेव्हा त्यांना कळलं." वहिनीचा आवाज आता खाली आला होता. "ते मलाही सांगणार नव्हते, छोटी. इंजेक्शनच्या गुंगीत बोलले."

छोटीला ते फोन आठवले. नाना, कुठला दिवा लागलाय? लाल. वरची निळी वायर बघा, ढिली झालीय का? थांब, चष्मा आणतो. चष्मा आणायला ते किती वेळ लावायचे. मग वायर सापडायची नाही, मग ती टक् असा आवाज होईपर्यंत आत जायची नाही, आणि तेवढ्यात ते काहीतरी सांगायचे. शेजारच्यांनी घर रंगवलं. गुडघा धरतो. तुझ्या आईचा तो हिरवा स्वेटर सापडला, तुला हवाय का? ती एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने भराभर टाइप करत असायची, घर परत कधी हाकेला येतंय ते बघत. स्वेटरबद्दल ती काय म्हणाली होती, ते तिला आठवेना. बहुतेक काहीच म्हणाली नव्हती. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, हिच्या वडिलांच्या घरची लाइन म्हणजे डोक्याला ताप आहे. ज्या दिवशी दुसरी लाइन नीट चालली त्या दिवशी तिने सगळ्यांना कॉफी पाजली होती.

"ती मी बसवली," दादा एकदम म्हणाला. त्याने फोन पालथा ठेवला होता. "दुसरी लाइन. मी स्टुलावर चढलो होतो आणि नानांनी खाली स्टूल धरलं होतं. विचारलं त्यांनी, हे कशाला. मी म्हटलं, सिग्नल चांगला यावा म्हणून. कोण समजावत बसणार. दुकान उघडायचं होतं."

"तुला काय माहीत होतं," वहिनी म्हणाली.

"विचारलं असतं तर कळलं असतं. मी रोज येत होतो तोवर त्यांना वायर काढावी लागली नव्हती." आणि इतका वेळ जे तो बहिणीला ऐकवायला टपला होता ते सगळं बाजूला ठेवून म्हणाला, "तिला एकटीला नको बोलूस."

व्यायामाची बाई पिशवी घेऊन निघाली. दाराशी तिने उद्याची वेळ सांगितली, ती कुणाच्याच लक्षात राहिली नाही. तिच्या मागून नाना वॉकर टेकत आले आणि खुर्चीत बसेपर्यंत त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. बसल्यावर सगळ्यांचे चेहरे पाहून त्यांनी वहिनीकडे नजर टाकली.

"सांगितलंस?"

"सांगितलं, नाना."

"बरं." त्यांनी वॉकर बाजूला सरकवला. "खुब्याला काही नाही आता. वळताना कळ येते, इतकंच."

छोटी उठून त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. ती लहानपणी तशी बसायची नाही. माफी मागायला आलेलं माणूस तसं बसतं, ते आत्याला ठाऊक होतं. आत्याने दादाला बाहेर जाऊया अशी खूण केली, पण दादा उठला नाही आणि मग तीही उठली नाही. कुणाचं बोलणं ऐकायचं नाही हा नियम नोकरीतला होता आणि ती आता निवृत्त होती.

"नाना, दुसरी लाइन लावल्यावरही तुम्ही काढत होता?"

"काढली की दोन-चारदा. लाल दिवा लागायचा. मी बसायचो वाट बघत. मग लावून टाकायचो परत."

"आणि माझा फोन यायचा नाही."

"कामं असतात माणसाला. मला वाटलं, कंटाळली असशील. सारखं सारखं तेच." नाना तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत होते. "त्या दिवशी म्हटलं, आज तरी करील."

छोटीने तोंड गुडघ्यांत घातलं. दादा खिडकीकडे वळला. शेवटी वहिनीच म्हणाली, "नाना, तिला कळतच नव्हतं. यांनी जी वर बसवली ना, ती दुसरी लाइन होती. पहिली काढली की ती आपोआप चालू व्हायची. तिला तिकडे सगळं ठीकच दिसायचं."

नानांनी वहिनीकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे स्टँडबाय."

"हो."

"आमच्याकडे पण असायचा. एक पंप बसला की दुसरा आपोआप. गावाला कळायचंसुद्धा नाही." त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "मला सांगायचं ना मग. मला वाटलं, फोन करायचं सोडलं हिने. तसं नव्हतं तर."

त्यांना इतकं बरं वाटलं होतं की ते उघड दिसत होतं. छोटीने मान वर केली. गप्प राहिली असती तर चाललं असतं. वहिनीने डोळ्यांनी तेच सांगितलं. पण छोटीला आयुष्यात खोटं कधी धड जमलं नाही.

"तसंच होतं, नाना. मी फोन करायचं सोडलंच होतं. लाइन गेल्याचं कळलं असतं तर केला असता, इतकंच."

"तेवढं पुष्कळ होतं मला," नाना म्हणाले.

आत्याने उठून कप गोळा करायला घेतले, जे या घरात तिने कधी केलं नव्हतं.

काही वेळाने दादानेच विषय काढला, कारण आज ठरवायचं होतं आणि छोटीची सुट्टी थोडी होती. "नाना, आता तुम्हीच सांगा. 'बघा तुमचं तुम्ही' नको."

"तुझ्याकडे येतो."

"इथेच राहायचं असेल तर तसं करू," छोटी घाईने म्हणाली. "मी येऊन राहते. चार-सहा महिने. इथून काम नाही करता आलं तर सोडते."

"नोकरी सोडायची नाही. आणि इथे नको मला. इथे वाट बघायची सवय लागलीय." त्यांनी वहिनीकडे बघितलं. "तुझ्याकडे आवाज असतो घरात."

"मग मशीन तिकडे हलवते," छोटी म्हणाली. "खोलीत नाही, बाहेरच ठेवते. नुसतं..."

"काही लावू नकोस तिथे."

"नाना, नुसता पट्टा. पडलात तर कळायला."

"पडलो तर ही आहे, हा आहे. तू काही लावू नकोस." ते रागावले नव्हते. पंपाचं काम कुणाला समजावून द्यावं तितक्या शांतपणे ते बोलत होते. "लावलंस की तुला सगळं दिसतं. मग विचारायचं काही उरत नाही."

छोटीने मान हलवली.

संध्याकाळी तिने जिन्याखालचं कपाट उघडलं. दादा मदतीला आला आणि बटणाकडे हात नेऊ लागला. "तसं नाही करायचं," ती म्हणाली, "नीट बंद करावं लागतं." मांडीवर लॅपटॉप घेऊन तिने आधी आईचे फोटो उतरवून घेतले, मग एकेक सेवा थांबवली, मग शेवटची ओळ लिहिली. पंखा हळू झाला आणि थांबला. दादाने स्टुलावर चढून वरचं ते छोटं यंत्र काढलं. स्टूल छोटीने धरलं होतं.

"मी रोज चक्कर टाकायचो," वरून तो म्हणाला. "आधी."

"माहितीये."

"तुला वाटतं ना, माझ्यामुळे."

"नाही रे. उतर आता."

नानांना हलवल्यावर छोटी परत गेली. पहिला आठवडा वहिनीच्या मेसेजमधून खबर मिळत राहिली: ऊन आवडलं, जेवण जातं, काल फाटकापर्यंत चालले. छोटी ते वाचायची आणि आपण आता नानांना फोन करायचा असं ठरवायची. लाइन गेली असती तर तिने एक क्षण घालवला नसता. नुसता फोन करायचा म्हणजे काय, ते तिला कधी करावंच लागलं नव्हतं. शेवटी एका कामाच्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी आली, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावलं आणि नंबर फिरवला.

"काय गं," नाना लगेच म्हणाले. "काय बिघडलं?"

"काही नाही, नाना."

"मग? दादा दुकानात आहे. हिला देऊ का?"

"नको. तुमच्याशीच बोलायला केलाय."

"माझ्याशी?" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नाना नीट बसले असावेत. "बोल."

तिने जेवलात का विचारलं. जेवलो म्हणाले. खुबा कसा आहे विचारलं. बरा आहे म्हणाले. पुढचं तिला सुचेना. नाना वाट बघत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी दार लोटल्याचा. तिला त्या हिरव्या स्वेटरबद्दल विचारायचं होतं, तो अजून आहे का, की तिने उत्तर दिलं नाही म्हणून कुणाला देऊन टाकला. पण एवढ्या मोठ्या गोष्टीला सुरुवात कुठून करतात ते तिला येत नव्हतं.

"बरं," नाना समजूतदारपणे म्हणाले. "तू कामात असशील. ठेवतो मी."

ती कामात नव्हती. पण तसं म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला होता.